मेलेलं माकड आणि तीन कार्यालयं

बागेत माकड मेलेलं दिसलं तर वनविभाग आणि आरोग्य केंद्र, दोघांनाही एकदमच फोन करा. एकाला कळवून दुसऱ्याची वाट बघू नका. हे सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

आमची काजूची बाग सह्याद्रीच्या पायथ्याला, गोव्याच्या हद्दीजवळ. ऐन हंगामात बिया वेचणाऱ्या बायकांपैकी एक ओरडत आली, "वयनी, बागेत वांदर मरान पडलो हा!" मी सगळ्यांना तिथूनच मागे बोलावलं. २०१६ साली आमच्या सिंधुदुर्गातच केर गावाकडे माकडं मेली आणि माणसंही तापाने पडली. पुढच्या वर्षी बांदा भागात तेच झालं. इथे त्याला माकडताप म्हणतात. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात या तापाचा विषाणू पहिल्यांदा सापडला, आणि तो शोधला पुण्याच्या शास्त्रज्ञांनी.

माकड थेट माणसाला आजार देतं असं सहसा होत नाही. मधे गोचीड असते. माकड मेलं, अंग थंड पडलं, की त्याच्या रक्तावर जगणाऱ्या गोचिडी उतरतात आणि भोवतालच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळलेल्या पानांच्या थरात, पसरतात. त्यातली पुरती न वाढलेली गोचीड इतकी बारीक असते की चावली तरी कळत नाही. काजूचा हंगाम आणि तिचा हंगाम एकच. आणि काजूची बी वेचायची म्हणजे त्याच पातेऱ्यात हात घालायचा. म्हणून मला घाई होती.

वनविभागाच्या कार्यालयात फोन केला. तिथून उत्तर आलं, "तापाचा संशय असेल तर आरोग्यवाल्यांना सांगा." आरोग्य केंद्रात विचारलं तर, "आम्ही माणसांचं बघतो, मेलेल्या जनावराचं पशुवैद्यकीयला विचारा." पशुवैद्यकीयचे डॉक्टर चांगले बोलले, पण म्हणाले, "वन्यप्राणी आहे, पंचनामा झाल्याशिवाय मला हात लावता येत नाही." त्यांचं बरोबरच होतं. पंचनामा कोण करणार? वनविभाग. म्हणजे फिरून पहिल्याच दारात. तिथले वनरक्षक वणवा विझवायला डोंगरावर गेलेले.

दिवस मावळला, माकड तिथेच. शेजारचे काका म्हणाले, "खड्डा खण आणि पुरून टाक, कोण विचारतंय?" मी ऐकलं नाही. संशयित माकडाची तपासणी व्हायला हवी, नमुना प्रयोगशाळेत जायला हवा, तरच कळतं की विषाणू आपल्या गावापर्यंत आलाय की नाही. नुसतं पुरलं तर ते कळायचा मार्गच बुजतो.

सकाळी स्वतः वनविभागाचं कार्यालय गाठलं. लेखी अर्ज द्या म्हणाले. दिला. मग प्रश्न आला, जागा मालकीची की वनाची? मालकीची. मग सातबारा जोडा! मेलेल्या माकडासाठी सातबारा. तलाठी मीटिंगला गेलेले. मोबाईलवर उतारा काढायला गेले तर रेंज नाही. बाहेर ऊन वाढत होतं, आणि अशा उन्हात मेलेलं जनावर किती टिकतं हे त्या टेबलामागच्या माणसाला माझ्याइतकंच माहीत होतं. मी त्याला विचारलं, "दादा, आज माझ्या बायका बागेत गेल्या आणि उद्या तापाने पडल्या तर तो सातबारा कोणाला दाखवू?" त्याने मान खाली घातली, पण कागद पुढे सरकला नाही.

गाडी हलली ती आमच्या आशाताईंमुळे, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीमुळे. त्यांनी सरपंचांना घेतलं आणि दोघांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनाच फोन लावला. त्यानंतर सगळे एकदम आले. पंचनामा झाला, पण नमुना घेण्यासारखं शरीर उरलं नव्हतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माकड जाळलं. भोवताली पन्नास मीटरपर्यंत औषध मारलं. तो माकडताप होता की साधं मरण, हे आम्हाला कधीच कळणार नाही. याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

आठवलं म्हणून सांगते, माकडाचा आणि आजूबाजूच्या झाडांचा फोटो आधीच काढून ठेवा, लांबूनच. जागा दाखवायला त्याचाच उपयोग झाला. काठीनेसुद्धा ढोसू नका, कुत्र्यांना बांधून ठेवा. गुरं त्या बाजूला सोडू नका, त्यांच्या अंगावर गोचिडी पोसल्या जातात.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं, गोचिडी दूर ठेवणारं तेल मिळत असेल तर मागून घ्या. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा. कर्नाटकात पूर्वी लस देत असत, पण तिचा पुरेसा उपयोग होत नाही म्हणून ती बंद झाली. त्यामुळे गोचीड चावू न देणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि अचानक जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं असं काही झालं तर अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की तुम्ही काजूच्या बागेत जाता. आमच्याकडे ताप म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूच येतात. ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांत घेतलेल्या रक्तात विषाणू थेट सापडतो. नंतर वेगळी चाचणी लागते, म्हणून ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहून ठेवा.