शिक्का नसलेला जुना खोटा दागिना कसा ओळखायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आजीच्या डब्यातला खोटा दागिना पुढे ठेवून बायका हमखास विचारतात, "यावर ना नाव, ना शिक्का, मग हा कुठला, केव्हाचा, हे कळतं कसं?"

मी आधी तो पालथा करते. शिक्का नाही म्हणून माल हलका, असं मुळीच नसतं. न्यूयॉर्कची डिलिझा अँड एल्स्टर ही कंपनी सुरेख खड्यांचे दागिने घडवून इतरांना पुरवायची, पण त्यांवर स्वतःचं नाव ठोकत नसे. काहींना 'ज्युलियाना' असं कागदी लेबल असायचं, तेही पुढे गळून जायचं. आज जाणकार ते दागिने ओळखतात ते मागच्या जोडकामावरून.

अंबाजोगाईच्या एका घरातला ब्रूच बघा. आजोबा निजामाच्या नोकरीत होते, तेव्हा हैदराबादेतून आलेला. पाठीला नळीची बिजागरी, नक्षीच्या कडेबाहेर डोकावणारी लांब टाचणी आणि ती अडकवायला नुसता उघडा आकडा, खटका नाही. ही घडण साधारण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मागे पडत गेली, स्वस्त मालात मात्र पुढेही रेंगाळली. त्यातला एकच खडा पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग फेकत होता. तसा मुलामा दिलेले खडे ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीने १९५० च्या दशकाच्या मध्यात आणले. त्या खड्याच्या कडेला वाळलेला गोंदही दिसला. म्हणजे ब्रूच जुना, खडा मागाहून कुणीतरी बसवलेला. एका खुणेवर विसंबायचं नाही ते यासाठीच.

क्लिपचे कानातले निघाले की मी थबकते. आपल्याकडे मुलीचे कान लहानपणीच टोचतात, क्लिप हवी कुणाला? ती न टोचलेल्या कानांसाठी १९३० च्या दशकात पाश्चात्त्य बाजारात रुळली. त्यामुळे असा जोड बहुतेक बाहेरून आलेला असतो. 'चेकोस्लोव्हाकिया' एवढंच कोरलेलं असेल तर तो १९१८ नंतरचा, कारण तो देशच तेव्हा जन्मला.

जुन्या प्लॅस्टिकच्या बांगडीला तापलेली सुई लावून बघायची, असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. सेल्युलॉइड भपकन पेटतं. अंगठ्याने जोरात चोळा आणि वास घ्या: कापरासारखा आला तर सेल्युलॉइड, कार्बोलिकसारखा उग्र आला तर बॅकेलाइट.

आपल्या ठुशा, बोरमाळा यांच्याकडे मी जास्त वेळ बघते. मण्याच्या भोकात डोकावलं की आत लाख भरलीय का ते दिसतं. पटवेकऱ्याने रेशमात गाठवलेली माळ आणि नायलॉनच्या दोऱ्यातली माळ यांत फरक आहेच, पण नायलॉन दिसला म्हणून मणी नवे ठरत नाहीत. माळ पुन्हा गाठवलेली असू शकते. मानेला लागणारे मणी आधी झिजतात; तिथे मुलाम्याखालचं पितळ किंवा तांबं उघडं पडतं. म्हणून हात जोडून सांगते, दाखवायला आणण्याआधी चिंच लावून घासू नका. ती झीज आणि तो मळ मला हवा असतो.

बहात्तरच्या दुष्काळात सोनं गहाण पडलं, मोडीत गेलं, आणि तोच घाट पितळेत करून घेतला, असं इथल्या म्हाताऱ्या बायकांकडून मी ऐकलंय. तशी माळ घरातल्या गेलेल्या सोन्याचा एकमेव नमुना असते. तिला 'खोटी' म्हणून भंगारात देणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

आणि लग्नाचा जुना फोटो असेल तर तोही घेऊन या. गळ्यात हीच माळ दिसली, पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि शाईने घातलेलं साल मिळालं, तर माळ तेव्हा घरात होती एवढं तरी पक्कं होतं. तेवढं मी चिठ्ठीवर 'नक्की' म्हणून लिहून देते. बाकी सगळ्यापुढे 'बहुधा'.