जंकच्या पेटीतला फुजिका सिक्स

टोकियोतल्या सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या दुकानांत काउंटरच्या खाली प्लॅस्टिकच्या पेट्या ठेवलेल्या असतात. त्यांवर ‘जंक’ अशी चिठ्ठी. आतला माल चालेल की नाही याची हमी नाही, आणि एकदा घेतला की परत करायचा नाही. महागडे कॅमेरे वर काचेच्या कपाटात दिमाखात बसतात आणि 1950च्या आसपासचे घडीचे कॅमेरे या पेट्यांत एकमेकांवर रचलेले असतात. माझा फुजिका सिक्स मी अशाच पेटीतून उचलला. आम्ही दोघं बाहेर जेवलो असतो तर जेवढं बिल झालं असतं, साधारण तेवढ्यात.

हाच का घेतला, ते आधी सांगते. फुजी फोटो फिल्म ही कंपनी 1934 साली फिल्म बनवण्यासाठी सुरू झाली. कॅमेरा बनवायला तिला दुसरं महायुद्ध संपण्याची वाट पाहावी लागली. 1948 साली आलेला फुजिका सिक्स हा तिचा पहिला कॅमेरा. आज एक्स मालिकेचे डिजिटल कॅमेरे गळ्यात अडकवून लोक फिरतात, त्या घराण्याचा हा मूळपुरुष. जपान तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. एप्रिल 1952 पर्यंत तीच स्थिती राहिली आणि त्या काळात परदेशी जाणाऱ्या बऱ्याच मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ (ताब्यातला जपान) असा शिक्का मारला जाई. माझ्या कॅमेऱ्यावर तो नाही, म्हणजे तो इथल्याच कुणाच्या तरी घरात वापरला गेला असावा.

त्याची रचना अगदी सरळ आहे. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडतं, भिंग आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा काळा भाता उलगडतो आणि भिंग समोर येऊन उभं राहतं. 75 मिलिमीटरचं, एफ 4.5 चं रेक्टार भिंग. 120 चा, म्हणजे नेहमीच्या 35 मिलिमीटरपेक्षा रुंद फिल्मचा रोल, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौकोनी निगेटिव्ह. अंतर मोजायची सोय नाही, लाइट मीटर नाही. समोरचा माणूस किती मीटरवर उभा आहे ते डोळ्यांनी ओळखायचं आणि भिंगाभोवतीची कडी त्या आकड्यावर फिरवायची. मामिया कंपनीच्या अशाच घडीच्या मामिया सिक्समध्ये 1940 पासूनच रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायची सोय होती आणि फोकस करताना भिंगाऐवजी आतली फिल्मच पुढेमागे सरकायची. फार हुशारीचं काम, पण किंमतही तशीच. मला साधा कॅमेराच हवा होता, कारण तो मला स्वतःला उघडता येणार होता.

घरी आणल्यावर पहिली परीक्षा भात्याची. रात्री बाथरूमचं दार लावून, दिवा बंद करून एक बारीक एलईडी टॉर्च कॅमेऱ्याच्या पोटात ठेवला आणि भाता पूर्ण उघडून बाहेरून चहूबाजूंनी निरखला. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. मग कोपऱ्यांवर, जिथे घडीला घडी भेटते तिथे, एकेक ठिपका चमकायला लागला. सपाट भागावर एकही भोक नाही, सगळी कोपऱ्यांवर. वर्षानुवर्षं तिथेच दुमड पडत आलेली, त्यामुळे कापड तिथेच विरलेलं. हार्मोनियम दुरुस्त करणारे भात्याच्या कोपऱ्यांकडे आधी बघतात, इथेही तसंच.

भोकं बुजवायला काळा ॲक्रिलिक रंग आणि फेविकॉलसारखा पांढरा गोंद असं मिश्रण केलं. ते टूथपिकच्या टोकाने लावायचं. थर पातळच हवा. जाड झाला तर कॅमेरा मिटल्यावर घड्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वेळी उघडताना कापड फाटतं. म्हणून एक हात लावला की भाता उघडा ठेवून रात्रभर वाळू द्यायचा, पुन्हा अंधारात टॉर्च, पुन्हा उरलेले ठिपके. घाईचं कामच नाही हे. शेवटी वाळलेल्या रंगावर थोडी टाल्कम पावडर फिरवली.

मग भिंग. फोकसची कडी हलतच नव्हती. या जातीच्या कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा हीच तक्रार असते. फोकस करताना फक्त सर्वांत पुढचं भिंग पितळेच्या आट्यांवर फिरतं आणि त्या आट्यांतलं ग्रीस सत्तर वर्षांत लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. इथे जोर लावायचा मोह आवरायला हवा, कारण जोर लावला की पुढचं भिंग न फिरता अख्खा पुढचा संच शटरमधून सुटून फिरायला लागतो. कडी फिरल्यासारखी वाटते आणि फोकस मात्र पार बिघडतो. पेटीतल्या कितीतरी कॅमेऱ्यांचं हेच झालेलं असतं.

कडीच्या काठावर तीन अगदी बारीक स्क्रू आहेत. ते सैल केले की आकडे लिहिलेली कडी निघून येते आणि खाली पितळ दिसतं. लायटरमध्ये भरतात त्या बेन्झिनचे थेंब आट्यांच्या फटीत सोडले, हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली आणि पुन्हा थेंब. हे दोन-तीन संध्याकाळी चाललं. अखेर कुरकुर करत पितळ फिरलं. भिंग पूर्ण बाहेर काढण्याआधी आटा नेमका कुठे सुटतो त्या जागी सुईने बारीक खूण केली. परत बसवताना आटा त्याच जागी धरला पाहिजे. आतून निघालं ते ग्रीस हिरवं होतं, पितळेच्या गंजाने रंगलेलं. कापसाच्या बोळ्यांवर ते उतरत गेलं आणि खालचं पितळ पिवळंधमक दिसायला लागलं, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. भिंगाच्या आतल्या बाजूला धुरकट साय होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली गेली. बुरशीने काच खाल्लेली नव्हती. इथल्या जून-जुलैच्या पावसाळी दमटपणात कपाटात पडून राहिलेल्या भिंगांना बुरशी सहज धरते.

आता अनंताचा फोकस परत जुळवायचा. कडी ‘अनंत’ या खुणेवर असताना लांबची वस्तू फिल्मवर खरोखर रेखीव उमटली पाहिजे. कॅमेऱ्याची पाठ उघडून, फिल्म ज्या दोन रुळांवरून सरकते त्यांवर काचेची पट्टी ठेवली. काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंगाकडे, अर्धपारदर्शक मॅट टेप चिकटवलेली. टेप रुळांना टेकलीच पाहिजे, कारण चित्र फिल्मच्या जागीच पडायला हवं. शटर ‘बी’वर, म्हणजे दाबून ठेवू तोवर उघडं राहतं त्या खुणेवर, उघडं धरलं, अपर्चर पूर्ण मोकळं. आम्ही टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाईला राहतो. आमच्या बाल्कनीतून सहा-सात किलोमीटरवरचा स्कायट्री दिसतो. 634 मीटर उंच मनोरा आणि रात्री त्यावर दिवे, यापेक्षा चांगलं लक्ष्य मिळणार नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याचं 50 मिलिमीटरचं भिंग उलटं धरून त्यातून टेपवरचं चित्र पाहिलं. पुढचं भिंग केसभर फिरवलं की दिव्याचा गोळा आकसून ठिपका होतो, आणखी केसभर गेलं की पुन्हा पसरतो. तो ठिपका सर्वांत बारीक झाला तिथे थांबले, कडी ‘अनंत’ खुणेवर बसवली आणि तिन्ही स्क्रू आवळले. घरातल्या घरात टेपने दोन मीटर मोजून तेही तपासलं. बरोबर आलं. एक टोक अचूक जुळलं की बाकीचे आकडे आपोआप जुळतात.

शटरची वेळ फोनच्या स्लो मोशनवर पाहिली. सेकंदाला 240 फ्रेम असतील तर 1/25 वर शटर साधारण दहा फ्रेम उघडं दिसायला हवं. माझं थोडं जास्त वेळ उघडं राहतं, पण दर वेळी तेवढंच. नेहमी सारखीच चूक करणारं शटर चालतं, तेवढा हिशेब एक्स्पोजर ठरवताना धरायचा.

पहिला रोल ॲक्रॉस टू या कृष्णधवल फिल्मचा. फुजीने ॲक्रॉस बंद केली होती आणि ही नवी 2019 मध्ये आणली. फुजीच्या पहिल्या कॅमेऱ्यात फुजीच्या नावाची फिल्म घालायची हे मी आधीच ठरवलं होतं. रोल भरल्यावर पाठीमागच्या लाल खिडकीतून कागदावरचे आकडे बघत नॉब फिरवायचा. 120 च्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, सहा बाय सहाची मधली. ही खिडकी लाल का, तर पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला तो दिसतो. त्यातून माझ्या कॅमेऱ्यातला लाल सेल्युलॉइड विटून गुलाबी झालेला. म्हणून खिडकीवर काळ्या टेपची उघडझाप होणारी झडप लावली, आणि आकडा पाहायचा तोही अंगाच्या सावलीत.

आणखी एक युक्ती, जी मला फार मोलाची वाटते. झाकण खटकन उघडू द्यायचं नाही. भाता एकदम फुगला की आत हवा कमी पडते आणि फिल्म पुढे ओढली जाऊन मधोमध फुगते. मग कितीही नीट फोकस केलेला असो, चित्र मऊच, म्हणजे पुसटच येणार. म्हणून हाताने धरून सावकाश उघडायचं आणि फिल्म पुढे सरकवायची ती उघडल्यानंतर, फोटोच्या अगदी आधी. त्या ओढीने फिल्म ताठ बसते.

एप्रिलच्या सुरुवातीला आई सांगलीहून आली होती. आमच्या भागात शिनकावा नदीच्या काठाने साकुराची झाडं लावली आहेत, तिथे तिला घेऊन गेले. एफ 11 आणि कडी दहा मीटरवर ठेवली की साधारण पाच मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं रेखीव येतं, त्यामुळे झाडांचे फोटो झटपट झाले. आईचा फोटो मात्र जवळून हवा होता. मी पावलं मोजत तिच्यापासून मागे गेले, कडी फिरवली, शटर चढवलं.

“अगं, केव्हाची उभी आहे मी. झाला का?”

“आता होतोय. पदर सोड, हात खाली घे.”

“फोनमध्ये चार निघाले असते एवढ्यात,” ती म्हणाली, पण हात खाली घेऊन उभी राहिली.

रोल घरीच धुतला. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे प्रकाश न शिरणाऱ्या पिशवीत हात घालून, रिळावर चढवला, डी-76 हा डेव्हलपर, पाण्याचं तापमान 20 अंश. ओली फिल्म बाथरूमच्या दांडीला लटकवली आणि दिव्याकडे धरून बघितली. भात्यातून प्रकाश शिरल्याच्या खुणा कुठेही नाहीत. एफ 4.5 वर काढलेल्या फ्रेमचे कोपरे मऊ आहेत. एफ 8 च्या पुढे हेच स्वस्तातलं भिंग सुरेख काम करतं. आईच्या साडीच्या काठावरची वीण भिंगातून मोजता येते.

यात भिंगापेक्षा फिल्मच्या आकाराचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. 35 मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा या चौकोनाचं क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक. त्या काळी एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राचा खर्च सगळ्यांना परवडत नसे. निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची प्रिंट काढत आणि ती अल्बममध्ये लावत. सहा सेंटिमीटरच्या प्रिंटसाठी हे भिंग पुरेपूर होतं. पुढे 1950 नंतर रिकोफ्लेक्ससारखे स्वस्त दोन भिंगांचे कॅमेरे आले आणि लोक तिकडे वळले. फुजीनेही 1955 मध्ये रेंजफाइंडर असलेला सुपर फुजिका सिक्स काढला. पण खिशात मावणारा, सुटा करून पुन्हा जोडता येणारा कॅमेरा हवा असेल तर मी आजही पहिलं मॉडेलच सुचवेन.

कुणाला घ्यायचा असेल तर दुकानात तीन गोष्टी बघा. झाकण दोन्ही बाजूंनी सारखं, न डुगडुगता उघडून बसतंय का, कारण वाकलेली दांडी घरी सरळ होत नाही. भिंगाच्या आतल्या काचेवर बुरशीची जाळी आहे का, ते फोनच्या उजेडात. आणि शटर चढवून दाबल्यावर पाती पूर्ण मिटतात का. भात्याची भोकं आणि अडकलेली कडी यांची काळजी करू नका, ती दोन्ही कामं घरी होतात. माझ्या कॅमेऱ्यातले एक सेकंद आणि अर्धा सेकंद हे वेग अजून अडखळतात. त्यासाठी शटर पूर्ण उघडून आतली चाकं धुवावी लागतील. ते काम हिवाळ्यात करणार आहे. तोवर 1/25 आणि त्यापुढचे वेग पुरेसे आहेत.