हॉल आणि किचनच्या मधे काय लावायचं?

सध्या आमच्या बिल्डिंगमधे सगळ्यांनाच घडीच्या पार्टिशनचं खूळ लागलंय, आणि त्यात चूक तरी काय, दार उघडलं की पाहुण्यांना थेट सिंकमधली भांडी दिसणार असे फ्लॅट बांधून ठेवलेत तर माणूस करणार काय! पण फोटो बघून ऑर्डर करायच्या आधी टेप घ्या हातात.

साइटवर लिहिलेलं असतं ४ पॅनल, प्रत्येकी २० इंच, आपण मनात ८० इंच धरून बसतो. पण ते सरळ ताणलं तर उभंच राहत नाही हो, पडतं. नागमोडीच ठेवावं लागतं, आणि तसं ठेवलं की रुंदी भरते जेमतेम ७० इंच, शिवाय फरशीवरची पुढे-मागे दहाएक इंच जागा खातं ते वेगळंच. मी रद्दी पेपरच्या २० इंची पट्ट्या कापून सोफ्यामागे तशाच तिरक्या मांडून बघितल्या, नवरा हसत होता, हसू दे.

मग काय लपवायचंय ते ठरवा. सहारनपूरची शिसमची कोरीव जाळी दिसते झकास, पण किचनमधे लाइट लावला की सगळं आरपार, आणि त्या वेलबुट्टीत धूळ अशी बसते की दिवाळीच्या साफसफाईला जुना टूथब्रश घेऊन बसा. जड असते म्हणून पंख्याच्या वाऱ्याला मात्र हलत नाही. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाची, मशीनवर कापलेली जाळी स्वस्त पडते पण खाली पाय नसतील तर रोज फरशी पुसताना पाणी लागून कडा फुगतात. बांबू-वेताचं हलकं, कुठेही उचलून न्या, फक्त घरात उभं राहायला शिकणारं बाळ असेल तर नकोच, धरून उठायला जाईल आणि सगळं अंगावर घेईल.

दुकानातल्या काकांनी एक भारी गोष्ट दाखवली, पॅनल पुढे ढकललं, मग मागे. "ताई, लाकूड नंतर बघा, आधी बिजागरी बघा." दोन्हीकडे वळणारी असेल तर हवा तसा आकार देता येतो, नाहीतर एकाच घडीत अडकून बसायचं.

आम्ही शेवटी खाली फळी आणि वर विणलेला वेत असलेलं घेतलं, ओट्यावरचा पसारा दिसत नाही आणि वारा पण येतो. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या पैशात सगळ्या घराला पडदे झाले असते!