कूलरमधले डास आणि पोरीचे पाय: माझा अनुभव

४५ डिग्रीत डास कुठून येणार असं सगळेच म्हणतात, पण आमच्याकडे कूलर सुरू झाला की पोरीच्या पायावर गांधी उठायला लागतात, आणि त्या पण दिवसा. सकाळी आणि मग ऊन उतरल्यावर. रात्री काहीच नाही, कारण कूलरच्या एवढ्या वाऱ्यात डासाला उडताच येत नाही.

सासूबाईंचं म्हणणं समोरची नाली तुंबली म्हणून. पण दिवसा चावतो तो पायावर पांढरे पट्टे असलेला एडिस, डेंग्यूवाला, तो साठवलेल्या साफ पाण्यात होतो. मग टॉर्च घेतला, कूलरची ताटी काढली आणि आत पाहिलं तर काय, बारीक अळ्या वळवळत होत्या, उजेड पडला की सुर्रकन खाली. सगळे डास आपल्याच घरचे!

नुसतं पाणी काढून भागत नाही हे लक्षात ठेवा. अंडी पाण्याच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, सुकली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. आपल्याकडच्या खाऱ्या पाण्याचा तो पांढरा थर असतो ना, तो ब्रशने घासून घासून काढला, खूप कंटाळवाणं काम आहे, पण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून आता दर शनिवारी टाकी रिकामी, घासणं, वाळवणं, मग पाणी. कूलरच्या पाण्यात तेल टाका असं कोणीतरी सांगितलं, पण पंप तेच तेल ताटीवर चढवेल आणि घरभर वास, त्यापेक्षा ब्रश बरा. सोबत फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या आणि गच्चीवरचं पक्ष्यांचं पाण्याचं भांडं पण. ते तर आपणच पुण्य म्हणून ठेवतो 😄

लिक्विडच्या मशीनचा आम्हाला फार उपयोग झाला नाही. कूलरला खिडकी उघडी लागते नाहीतर खोलीत चिकचिक होते, आणि उघडी ठेवली की मशीनचा सगळा वास बाहेर. म्हणून खिडकीला जाळी लावली आणि खेळायला जाताना पोरीला पूर्ण पायजमा अन् उघड्या भागावर ओडोमॉस, फक्त लहान मुलांच्या हाताला लावू नका, ते डोळ्यात-तोंडात घालतात.

चावल्यावर सासूबाई चुना लावायला निघाल्या होत्या, मी नाही म्हटलं. साबणाने धुवायचं, फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धरायचा, मग कॅलामाइन. नखं एकदम बारीक कापली, कारण खाजवून जखम झाली की ती पिकते. एकदा पोटरी चांगलीच सुजली तेव्हा डॉक्टरांनी खाजेचं सिरप दिलं आणि बजावलं की ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानं द्यायचं नाही, डेंग्यू निघाला तर त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गांधी आता बऱ्याच कमी झाल्यात, अगदी बंद नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या काकांचा कूलर बंद आहे पण टाकीत पाणी तसंच आहे. दोनदा सांगून झालं, येत्या शनिवारी ब्रश घेऊन मीच वर जाणार आहे.