बर्गन ऑप झोम: चढच नसलेला किल्ला

गेल्या महिन्यात रॉटरडॅमला दादाकडे होतो तेव्हा एक दिवस काढून नेदरलँड्समधल्याच बर्गन ऑप झोम या गावी जाऊन आलो. आधीच सांगतो, राजगड-तोरणा डोक्यात घेऊन गेलात तर पोपट होईल. वहिनी तर ऐन खंदकाच्या काठावर उभी राहून विचारत होती, "भाऊजी, किल्ला कुठाय?"

समोरच होता. रॅव्हलिन म्हणतात त्याला, म्हणजे मुख्य तटाच्या पुढे पाण्यात सोडलेलं त्रिकोणी बेट. बाकीची तटबंदी एकोणिसाव्या शतकात पाडली, हा तुकडा तेवढा पार्कात राहिलाय. १६९८ पासून इथला कोट नव्याने आखला तो मेन्नो व्हान कूहोर्न या डच लष्करी इंजिनियरने, आणि मी आलो होतो ते खरंतर या माणसासाठी.

जन्म १६४१, उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांतातला. याने १६८५ मध्ये पुस्तक लिहिलं तेच मुळी सखल, पाणथळ जमिनीवरच्या किल्ल्यांवर. डोंगर नाही, दगड नाही, दोन फूट खणलं की पाणी, मग त्या पाण्यालाच कामाला लाव ना! मातीचा बुटका तट, तोफेचा गोळा आला की मातीत रुतून बसतो, दगडासारख्या ठिकऱ्या उडत नाहीत. आणि मला सगळ्यात आवडलेली आयडिया म्हणजे कोरड्या खंदकाचा तळ पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वर ठेवायचा, शत्रू आत उतरून आडोशासाठी खड्डा खणायला गेला की खालून पाणी वर. बसा आता बोंबलत.

१६९२ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या नामूरच्या वेढ्यात हा आत आणि फ्रेंचांचा नावाजलेला किल्ले-इंजिनियर वोबाँ बाहेर, तेव्हा हा हरला, जखमीही झाला. १६९५ मध्ये तेच नामूर परत घेताना मात्र वेढ्याचं काम याच्याकडे. शिवाय दोघा-चौघांनी उचलून नेता येईल अशी छोटी उखळी तोफ याचीच, ग्राव या डच गावाच्या वेढ्यात १६७४ ला वापरलेली. १७०४ मध्ये गेला. बर्गन पडलं ते पुढे १७४७ मध्ये, फ्रेंचांना त्यासाठी दोन महिने घासावी लागली.

आता जाणाऱ्यांसाठी. रॉटरडॅमहून थेट इंटरसिटी आहे, साधारण तासभर. बँकेचं कार्ड टॅप करून चालतं पण उतरल्यावर चेक-आऊट विसरू नका, माझे उगाच पैसे कटले. सोमवारी जाऊ नका, आम्ही गेलो आणि म्युझियम बंद, चूक आमचीच. स्टेशनहून रॅव्हलिन चालत होतं, मग सायकल घेऊन चार-पाच किलोमीटरवरचा फोर्ट द रोव्हरे करा. हा १६२८ चा, म्हणजे कूहोर्नच्याही आधीचा, पण तिथला मोझेस ब्रिज चुकवू नका. खंदकावर पूल दिसला तर किल्ल्याला अर्थ काय, म्हणून तो पाण्यातच बुडवलाय, चालताना दोन्ही बाजूंच्या भिंतींपलीकडे पाणी कमरेच्या उंचीवर असतं आणि लांबून नुसती माणसांची डोकी सरकताना दिसतात. पायऱ्या आहेत, त्यामुळे स्ट्रोलर, व्हीलचेअर अवघड. पाऊस पडला की लाकूड शेवाळल्यासारखं निसरडं होतं, वहिनी तिथेच घसरली आणि दादा हसला, परतीच्या ट्रेनमध्ये त्यामुळे शांतता होती.

कूहोर्नची समाधी लांब फ्रीसलँडमध्ये, वाइकेल गावच्या चर्चमध्ये आहे, ती एका दिवसात यात बसत नाही. आणि हो, जास्तीचे मोजे घ्या.