लॅपटॉप लावला की बरा होणारा बोर्ड

मामाचा फोन सकाळी साडेसहाला यायचा, बागेत एक चक्कर मारून झाली की. "पोरी, तुझं यंत्र मेलंय बघ पुन्हा."

यंत्र म्हणजे तासगावच्या त्याच्या द्राक्षबागेत मी टांगलेला प्लॅस्टिकचा डबा. आत ईएसपी३२ ही वायफायवाली चिप, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि १८६५० साइजचा एक लिथियम सेल. दर पंधरा मिनिटांनी जागं व्हायचं, शेडमधल्या वायफायवरून आकडे पाठवायचे, परत झोपायचं, एवढंच काम. ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री पानं ओली राहिली की डाऊनी रोगाची धास्ती असते, म्हणून मामाला आर्द्रता हवी होती. सर्किट माझं, पीसीबीची, म्हणजे छापील बोर्डाची, रचना माझी. पाच नग मागवले आणि कराडला घरीच हॉट एअरने सोल्डर केले. म्हणजे शिव्या घालायलाही दुसरं कुणी नाही.

फोन आला की मी डबा घरी आणायची, टेबलावर ठेवून लॅपटॉपची यूएसबी लावायची, आणि बोर्ड मजेत चालायचा. रात्रभर चालायचा. चिपला वीज देणाऱ्या ३.३ व्होल्टच्या लाइनवर मीटर धरला तर ३.२९. दवाखान्याची पायरी चढताच पोराचा ताप उतरावा, तसं. दोन-तीन दिवस बघायचं, डबा परत बागेत टांगायचा, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा साडेसहाचा फोन.

बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी बोर्ड उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कंडेन्सर बदल." हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध, आणि खरं सांगायचं तर जुन्या टीव्हीत दहापैकी सात वेळा ते लागूही पडतं. मी ईएसपीच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा एक जाडजूड कंडेन्सर डकवला. या वेळी पूर्ण आठवडा फोन नाही. बाबा खूश. आठव्या दिवशी मामा.

मग मी सेन्सर बदलला, प्रोग्राम अर्धा कापला, अँटेनाजवळची तांब्याची पट्टी खरवडली. या सगळ्यात पंधरा दिवस गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

उलगडा झाला तो ट्यूबलाइट बंद होती म्हणून. झोपायला जाताना अंधारातच यूएसबीची वायर उपसली आणि बोर्डावरचा लाल एलईडी किंचित मंदावला. विझला नाही, कारण सेल होताच. फक्त मंदावला. दिवसाउजेडी हे कधीच दिसलं नसतं. परत वायर लावली: उजळ. काढली: मंद. दिवा लावून मीटर धरला. सेलवर ३.८८ व्होल्ट, ३.३ च्या लाइनवर २.८४.

इतके दिवस मी एकदाही लॅपटॉप न लावता मीटर धरला नव्हता. बोर्डाच्या नोंदी बघायला वायर लावायची, आणि तीच वायर बोर्डाला ५ व्होल्ट पाजत होती, वर सेलही चार्ज करत होती. दुखणं बघायला गेलं की औषध आपोआप पोटात! बागेत गेल्यावर भरलेला सेल चार-पाच दिवसांत ४.२ वरून ३.९ च्या खाली उतरायचा आणि साडेसहाचा फोन यायचा.

दोषी कोण, तर एएमएस१११७. तीन पायांचा तो स्वस्त रेग्युलेटर, म्हणजे जास्त व्होल्टेज उतरवून ठरावीक देणारा, अर्ध्या जगाच्या डेव्हलपमेंट बोर्डांवर असतो, म्हणून माझ्याही बोर्डावर. ५ व्होल्टवरून ३.३ काढायला उत्तम. पण त्याला स्वतःच्या पोटापुरता साधारण १ ते १.१ व्होल्ट लागतो. ३.८८ मधून तेवढा वजा करा, उरतात २.८. वर हा गडी काही काम नसतानाही ५ मिलिअँपिअर खातो, म्हणजे ईएसपी झोपला तरी सेल रिकामा होतच राहतो. आणि गंमत बघा: सेलच्या वाटेवर मी डायोड न घालता मुद्दाम मॉसफेट (जवळजवळ व्होल्ट न खाणारा ट्रान्झिस्टर) घातला होता, का, तर डायोडमध्ये ०.३ व्होल्ट वाया जातो! दारात चिल्लर मोजत बसले आणि परसदारातून नोटा गेल्या.

खात्री करायला यूएसबी बाजूला ठेवून बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणाऱ्या सीरियल ॲडॅप्टरच्या दोनच वायरी जोडल्या, ग्राउंड आणि बोर्डाच्या टीएक्सकडून, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या पिनकडून, येणारी. (तिसरी, बोर्डाच्या संदेश घेणाऱ्या आरएक्स पिनची, जोडू नका. सेल काढला तरी त्या पिनमधून चोरवीज शिरते आणि एलईडी भुतासारखा मिणमिणतो.) वायफाय सुरू होताच स्क्रीनवर ओळ आली, ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेलं. मग रीसेट, मग पुन्हा तीच ओळ. ईएसपी३२ वायफायवर पाठवताना क्षणभर दोन-तीनशे मिलिअँपिअर ओढतो. २.८ वर कसाबसा उभा असलेला बोर्ड त्या झटक्याने आणखी खाली जातो, आणि २.४ च्या आसपास चिप स्वतःच मान टाकते. बाबांचा कंडेन्सर हा झटका थोडा झेलत होता, म्हणून तीन दिवस जास्त मिळाले. त्यांना अगदीच चूक म्हणता येणार नाही, आणि ते म्हणूही देत नाहीत.

एपी२११२के हा दुसरा रेग्युलेटर आणला. ६०० मिलिअँपिअर देतो, तेवढ्या पूर्ण लोडलाही पाव व्होल्टच्या आसपासच खातो. पण त्याला पाय पाच आणि आकार मुंगीएवढा. जुन्या जागेवर बसेना. तो उलटा चिकटवून मोटर वाइंडिंगच्या बारीक तारेने पाय जोडले. इनेबलचा, म्हणजे रेग्युलेटर चालू करणारा, पाय इनपुटला जोडायचा राहिला होता, त्यात आणखी अर्धा तास गेला. एलईडीही काढून टाकला. बागेत रात्री तो बघणार कोण?

डबा बागेत जाऊन आता सात आठवडे झाले. मामाचा फोन येतो, पण उन्हं वर आल्यावर, आणि पावसाबद्दल.

उरलेल्या चार बोर्डांवर जुनाच रेग्युलेटर आहे. त्यातला एक बाबांनी दुकानात मोबाइलच्या चार्जरवर लावून ठेवलाय. तिथे तो एकदाही बंद पडलेला नाही. गिऱ्हाइकांना सांगतात, "पोरीनं केलाय. कंडेन्सर मी सुचवला."