डोळ्याच्या वर कात्री

आमच्या डोंबिवलीच्या बाल्कनीतलं रबराचं झाड यंदा छताला टेकलं. सहा वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं. आता वरची दोन पानं स्लॅबला घासून मुडपलेली, खाली हातभर उघडं खोड आणि मधे फांदी म्हणून एक नाही. शिडीवर चढून उतरायचं विसरलेल्या माणसासारखं दिसायचं.

"छाटायला हवं," मी म्हटलं.

आई जप अर्धा टाकून आली. "वडा-पिंपळाच्या कुळातलं ना ते? तूच सांगितलंस."

सांगितलं होतं खरं. वड, पिंपळ, उंबर, नांदरुक आणि हे, सगळे फायकसच. आपल्याकडे ते कुंडीत शोभेला बसतं, पण आसाम-मेघालयाच्या जंगलात वडासारख्या पारंब्या सोडतं. चेरापुंजीच्या बाजूला खासी लोक त्याची कोवळी मुळं ओढ्यापलीकडे नेऊन रुजवतात आणि वर्षानुवर्षं वळवत, गुंफत त्यांचा जिवंत पूल करतात. नोंग्रियाटचा तर दुमजली आहे. (टायरचं रबर मात्र याचं नव्हे, ते ब्राझीलच्या भलत्याच झाडाचं.) हे सगळं आईला कौतुकानं ऐकवताना ते माझ्यावरच उलटेल असं वाटलं नव्हतं.

"आणि वटपौर्णिमेला बाजारात विकतात त्या फांद्या काय गळून पडतात?"

"मी कधी आणली? मी वडापर्यंत चालत जाते."

जाते. गुडघे धरून जाते, पण जाते. मी गप्प बसले.

मग निफाडला मामाला फोन लावला. मामाची द्राक्षबाग आहे, म्हणजे वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. एप्रिलमध्ये त्याची बाग पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वैर साधलंय. नुसती खोडं, ओलांडे म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्या, आणि तारा. मामा मात्र मजेत बांधावर चहा पीत बसला होता.

"अगं, एक-दोन पाऊस होऊ देत. मग डोळा बघ आणि डोळ्याच्या थोडं वर काप. कात्रीला धार ठेव. आणि विचार करत बसू नको, विचार केला की काप वेडावाकडा येतो."

रबराचं पान गळलं तरी खोडावर त्याचा वण राहतो. त्या वणाच्या लगेच वर डोळा, म्हणजे नव्या फांदीचा कोंब, निजलेला असतो. निजलेला म्हणजे निजवलेला. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक खोडातून खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना उठू देत नाही. शेंडा गेला की हा धाक जातो.

फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, "मामा, तुझ्या विहिरीवरचा उंबर मोटारीच्या वायरीत आला होता ना? छाटलास का?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "वायर फिरवून घेतली. दोन खांब जास्त लागले. त्याला नाही हात लावत आपण."

आयुष्यात लाखो काड्या कापलेला माणूस! हे मी आईला सांगितलं नाही. तिच्या बाजूला एक मत वाढलं असतं.

जूनमधल्या एका रविवारी कात्री स्पिरिटनं पुसली, खाली जुने पेपर पसरले आणि कापलं. कापताना काही वाटलं नाही. नंतर चीक आला तेव्हा वाटलं. पांढराशुभ्र, दुधासारखा, टपटप, थांबेचना. कुरतडणाऱ्या किड्याचं तोंडच चिकटून बसावं म्हणून झाडाची ही तजवीज, हे वाचलेलं होतं. पण समोर वाहताना पाहिलं की वाचलेलं कुठे आठवतं? चिकानं अंगाला खाज सुटते म्हणून हातमोजे घातले होते. गाऊनचा विचार केला नव्हता. तो तपकिरी डाग अजून आहे.

आई आतून चिमूटभर हळद घेऊन आली आणि कापावर दाबली. काही बोलली नाही. पोराचा गुडघा फुटल्यावर लावतात तशी लावली आणि गेली. मामाकडे अशा जखमेवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट फासतात.

कापलेल्या शेंड्याची दोन पानं ठेवली, ती सुरळी करून बांधली आणि तो कोकोपीटमध्ये खोचला. पानं पसरलेली राहिली तर पाणी उडून शेंडा सुकतो. बांधायला हाताशी रबरबँडच होता.

तीन आठवडे खोड नुसतं दांडक्यासारखं उभं. आई रोज तुळशीला पाणी घालताना तिकडे एकदा बघायची आणि मग माझ्याकडे. चौथ्या आठवड्यात कापाच्या खालचे दोन डोळे फुगले. दोघांनाही लालसर टोकं आली. आई त्यांना टोपरी म्हणते. एक ग्रिलकडे, उजेडाच्या बाजूला. दुसरं नेमकं भिंतीकडे.

मामाला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "छान. भिंतीकडचा खुडून टाक."

आई शेजारीच उभी होती. "काय म्हणतोय?"

"छान म्हणतोय," मी म्हटलं.